शेजारचा माग थांबल्यावर

आई, बायको आणि पोरं बार्शीला लग्नाला गेलेली. मला रजा मिळाली नाही, म्हणून घर राखायला मी. फडक्यात कडक भाकरी, बरणीत शेंगाची चटणी, झाकून ठेवलेलं दही, म्हणजे रात्रीची सोय होती. आज टीव्ही लावायचा नाही असं ठरवून पडवीत खुर्ची टाकली.

आमचं घर सोलापूरच्या पूर्व भागात, भिंतीला भिंत लागून टॉवेलचे यंत्रमाग. दिवसभर खडाक-खट, खडाक-खट. पाहुण्यांना तो चालू असला की झोप येत नाही, आम्हाला बंद पडला की येत नाही. त्या दिवशी बीम (ताण्याच्या सुताचा रूळ) संपला म्हणून माग सूर्य मावळतानाच थांबले आणि दोनच मिनिटांत डोक्यावर 'टक्' झालं. पुन्हा 'टक्'. मांजर म्हणावं तर पावलं नाहीत.

तो पत्रा होता. उन्हात साठ अंशांपर्यंत तापलेला बारा फुटी पत्रा तिसावर आला की सव्वा मिलिमीटरच्या आसपास आखडतो. पण हुक-बोल्टांनी धरून ठेवलेला पत्रा सरळ सरकत नाही. घर्षण त्याला अडवतं, ताण साठत जातो आणि सहन होईना की तो एकदम केसभर घसरतो. तोच 'टक्'. दाराची बिजागरी करकरते तीही याच अडण्या-घसरण्यामुळे.

हे रोजच होत असणार. मग इतकी वर्षं ऐकू का आलं नाही? कारण माग. कानातल्या शंखाकृती नळीत एक पातळ पडदा असतो. बारीक, उंच स्वर त्याच्या सुरुवातीच्या टोकाला हलवतात आणि जाड, खालचे स्वर पार दुसऱ्या टोकाला. पण खालच्या स्वराची लाट तिथवर पोचताना उंच स्वरांची जागा ओलांडूनच जाते. ती जोरदार असेल तर वाटेतला सगळा पडदा हलवून सोडते आणि एखादा नाजूक 'टक्' त्यात विरून जातो. माग चालू असताना कारखान्यात ९० डेसिबलच्या वर आवाज असतो, साधं बोलणं ६० च्या आसपास. फरक तिसाचाच दिसतो, पण दर दहा डेसिबलला ध्वनीची तीव्रता दसपट होते, म्हणजे इथे हजारपट. मागावरचा माणूस पाळी संपवून घरी आला तरी मोठ्यानं बोलतो, त्याला आपण उगाच तापट समजतो. दिवसभराच्या माऱ्यानं त्याच्या कानांची धार काही तासांपुरती बोथट झालेली असते. वर्षानुवर्षं तेच चाललं तर ती परत येत नाही.

अंधार पडला. फ्रिजची घरघर थांबली तेव्हा कळलं की ती चालू होती. आणि मग मोरीतून 'टपाक्'.

गळक्या नळाचा हा आवाज थेंब पाण्यावर आपटल्याचा, असं मीही समजत होतो. तसं नाही. केंब्रिज विद्यापीठातल्या अनुराग अगरवाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली अतिवेगवान कॅमेरा आणि मायक्रोफोन लावून हा थेंब तपासला. थेंब पडतो, पाण्यात खड्डा होतो, पृष्ठताणामुळे तो झटक्यात भरून येतो आणि जाता जाता तळाशी हवेचा इवलासा बुडबुडा अडकवतो. हा बुडबुडा आकुंचन-प्रसरण पावत वरचं पाणी हलवतो, आणि ते हललेलं पाणी हवेत आवाज सोडतं. नुसत्या आपटण्याचा आवाज जवळपास नसतोच. मिनार्ट या शास्त्रज्ञानं १९३३ साली मांडलेल्या सूत्रानुसार एक मिलिमीटर त्रिज्येचा बुडबुडा सेकंदाला सुमारे ३,२०० वेळा कंप पावतो. आपला कान सगळ्यात तिखट असतो तो नेमका दोन ते पाच हजार कंपनांच्या पट्ट्यात. थेंब एवढासा आणि डोकं एवढं उठवतो, ते म्हणूनच.

त्याच लोकांनी उपायही दिलाय: पाण्यात भांड्यांचा साबण घाला. पृष्ठताण घटतो, बुडबुडा अडकत नाही. उठलो आणि नळाखालच्या बादलीत साबणाचं पाणी ओतून हलक्या हातानं ढवळलं. थेंब पडला. आवाज नाही. दुसरा पडला, तोही मुका. दहा-बारा थेंब मी तिथंच उकिडवा बसून बघत राहिलो. घरात कुणी असतं तर विचारलं असतं.

मग दूरवर भोंगा. मुंबईला निघालेली सिद्धेश्वर एक्सप्रेस असावी. दिवसा स्टेशनचा भोंगा आमच्यापर्यंत येत नाही आणि त्याचं कारण नुसता गोंगाट नव्हे. आपल्याकडची कोरडी हवा आणि निरभ्र आकाश, त्यामुळे रात्री जमीन भराभर निवते. जमिनीलगतची हवा गार, वरची त्याहून ऊबदार. ऊबदार हवेत आवाज जोरात धावतो (दर अंशाला सेकंदामागे ०.६ मीटर जास्त), त्यामुळे वर निघालेली लाट वाकून पुन्हा खाली येते. दिवसा सगळं उलट असतं, भोंगा आभाळाकडे वळतो.

गाडी गेली. आता खरंच काही उरलं नव्हतं, तरी कानात बारीक 'सूंऽऽ' होतं. घाबरलो नाही, कारण १९५३ साली हेलर आणि बर्गमन या संशोधकांनी ८० निरोगी माणसांना ध्वनिरोधक खोलीत बसवून काय ऐकू येतं ते विचारलं होतं. ९४ टक्के लोकांनी असलेच काही ना काही आवाज सांगितले. बाहेरून काही येईना की श्रवणयंत्रणेची स्वतःचीच कुजबुज जाणवू लागते.

ती सूं ऐकत होतो, तोवर फोन वाजला.

"जेवलात का? काय करताय?"

"नळाखालच्या बादलीत साबण घातलाय. आता टपटप बंद."

पलीकडे लग्नघरातला गलका. मग ती म्हणाली, "अहो, वायसर बदला म्हणून दिवाळीपासून सांगतेय."