एक्का एक नाही, तीन लागतात: पत्त्यांच्या हातचलाखीची पार्श्वभूमी

पोळ्याच्या करीला आमच्याकडे, यवतमाळ जिल्ह्यात, तीन पत्तीचे डाव बसतात. लहानपणी मी मोठेबाबांच्या मागे बसून ते पाहायचो. पत्ते पिसणाऱ्याच्या बोटांवरून त्यांची नजर हलत नसे. "येका एक्क्यानं काय होते बाप्पा, तीन लागतेत," ते म्हणायचे. अनेक पत्ते एकदम ताब्यात ठेवायची कला का जन्मली, ते मला या बोलण्यातून कळलं.

५२ पत्त्यांतून तीन-तीन पत्त्यांचे २२,१०० हात होतात. त्यांत सगळ्यांत वरचे, तीन सारख्या पत्त्यांचे हात फक्त ५२, आणि तीन एक्क्यांचे ४. मेंढीकोटातही कोट चढवायला चारही दश्श्या आपल्याकडे ओढाव्या लागतात. डावच असे असल्यावर एखादा पत्ता अस्तनीत दडवून लबाडाचं भागत नाही.

अशा हातचलाखीचा छापील इतिहास इंग्लंडात निदान १५८४ पर्यंत तरी मागे जातो. रेजिनाल्ड स्कॉटनं त्या वर्षीच्या पुस्तकात चार एक्के दाखवून त्यांचे चार गुलाम कसे करायचे, ते लिहिलं. चेटकीण ठरवून माणसं मारली जात होती, त्याविरुद्ध हे पुस्तक होतं. त्यातच हातचलाखीची उकल आली. करणी-भानामतीच्या संशयानं घरं उद्ध्वस्त झालेली आपल्याकडे पाहिलेल्या माणसाला स्कॉट फार जवळचा वाटतो. महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा व्हायला २०१३ साल उजाडलं.

एकोणिसाव्या शतकात व्हिएन्नाच्या होफ्झिन्सर या जादूगारानं पत्त्यांना दिवाणखान्यात मान मिळवून दिला. पत्ते पसरून दाखवताना हवे ते पत्ते खालच्या बोटांनी एकेक करून पसाऱ्याखाली ओढून गोळा करायचे, ही युक्ती त्याच्या नावावर सांगतात.

जुगाऱ्यांची विद्या उघडी करणारं गाजलेलं पुस्तक १९०२ मध्ये शिकागोत आलं. ते एर्डनेस या टोपणनावानं निघालं. लेखक नक्की कोण, हे आजही ठरलेलं नाही. पिसता पिसता पत्ते 'लावायचे', म्हणजे हव्या क्रमानं रचायचे कसे, ते त्यात आहे. आपल्या तीन पत्तीत चार गडी धरा. वाटणाऱ्याला दर चौथा पत्ता येतो, म्हणून प्रत्येक एक्क्याआधी तीन फालतू पत्ते मोजून सोडायचे. बघणाऱ्याला फक्त पिसणं दिसतं.

हेच पुस्तक घोकून मोठा झालेला जादूगार डाय व्हर्नन (१८९४–१९९२) याची मल्टिपल शिफ्ट, म्हणजे अनेक पत्ते एकदम ताब्यात आणायची युक्ती, आज जादूगार वापरतात. चार पत्ते गड्डीत चार ठिकाणी खुपसतात, पण थोडे बाहेर ठेवतात. गड्डी सारखी करताना ते किंचित तिरके आत ढकलले जातात आणि दुसऱ्या बाजूनं त्यांचे कोपरे निघतात. मग कापल्याच्या मिषानं चारही एका ओढीत उपसून वर. माझ्या मते सगळी करामत त्या तिरकेपणात आहे. आपली सावंतवाडीची गंजिफा गोल, तिला कोपराच नाही. तिच्यावर ही युक्ती चालणं अवघड.

लबाडीवर जुना उपाय म्हणजे गड्डी दुसऱ्यानं कापणं. लावलेले पत्ते त्यानं मधे जातात. १९३२ मध्ये व्हर्ननला अमेरिकेतल्या विचिटाच्या तुरुंगातल्या एका कैद्याकडून कळलं, की मधूनच पत्ता वाटणारा एक माणूस आहे. व्हर्नन त्याला शोधत शोधत मिसुरीतल्या प्लेझंट हिल या छोट्या गावी पोचला. तिथं ॲलन केनेडी भेटला. कापल्यावर मधे गेलेले एक्के केनेडी तिथूनच वाटायचा, आणि वरून वाटतोय असंच दिसायचं. ही सफाई यायला त्याला काही वर्षं घासावं लागलं होतं.

मोठेबाबांनी न कापलेली गड्डी कधी वाटू दिली नाही. एकदा कापली की ते निर्धास्त होऊन पान लावायला घ्यायचे. केनेडीची गोष्ट माझ्या वाचनात आली तेव्हा ते राहिले नव्हते.