तेलाचा उतारा : खडकात अडकलेल्या तेलावर सरकारी पैसा कसा आणि कुठून आला

पुण्याहून रेल्वेने येताना मोहोळ मागे पडले की थोड्याच वेळात पाकणीच्या टाक्या दिसतात. सोलापूरकरासाठी ती घर जवळ आल्याची खूण. बॅगा खाली काढायच्या, सीटखालच्या चपला शोधायच्या. मुंबईहून निघालेली पाचशे किलोमीटरहून लांब पाइपलाइन पुण्यावरून इथवर पेट्रोल-डिझेल आणते आणि पुढे टँकर ते गावोगावच्या पंपांवर पोचवतात. देशाचा एकूण हिशेब धरला तर शंभर लिटर कच्च्या तेलातले सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी लिटर बाहेरून येते. देशात निघणाऱ्या उरलेल्या तेलाचा मोठा वाटा अरबी समुद्रातला, मुंबईपासून दीडशे किलोमीटरहून आत असलेल्या मुंबई हाय आणि आसपासच्या क्षेत्रांतला.

आयातीचा हा आकडा बातम्यांत नेहमी येतो. ज्या विहिरी आपल्याकडे आहेत, त्यांच्या खाली निम्म्याहून जास्त तेल तसेच पडून राहते, ही गोष्ट मात्र क्वचित येते. जगाची सरासरी पाहिली तर खडकातल्या तेलाचा साधारण तिसरा हिस्साच वर येतो. तेलवाले याला ‘रिकव्हरी’ म्हणतात. साखर कारखान्यांच्या या जिल्ह्यात त्या शब्दाचे मराठी कोणाला शिकवावे लागत नाही : उतारा.

उपमा वरवरची नाही. कारखान्यात पहिल्या मिलखाली ऊस गेला की बराचसा रस सुटतो, पण बगॅसमध्ये गोडी उरतेच. म्हणून पुढच्या मिलांवर त्याच्यावर पाणी मारतात, ते उरलेला रस धुऊन काढते. तेलाचेही असेच चालते. जमिनीखाली तेलाचे तळे नसते. वाळूच्या किंवा चुन्याच्या खडकाच्या बारीक छिद्रांत ते मुरलेले असते. आरंभी आतल्या दाबाने ते आपसूक वर येते. दाब उतरला की बाजूच्या विहिरींतून पाणी सोडून ते ढकलतात. काही वर्षांनी पाणी आपली सोपी वाट शोधते, तेलाला वळसा घालून थेट वर येते, आणि विहिरीतून तेलापेक्षा पाणीच जास्त निघू लागते. इथून पुढचे काम महाग. पाण्यात पॉलिमर मिसळून ते दाट करायचे, आमटीला पीठ लावतात तसे, म्हणजे ते तेलाला सोडून पुढे पळत नाही. किंवा वाफ सोडायची, कार्बन डायऑक्साइड सोडायचा, साबणासारखी रसायने सोडायची. घाणीतून निघालेल्या करडईच्या पेंडीतले उरलेले तेल सॉल्व्हंट लावून काढतात, त्याच जातीचा हा उद्योग.

अडचण अशी की पैसा आज घालायचा आणि तेल वाढले की नाही हे कित्येक वर्षांनी कळणार. एका खडकात जमलेली पद्धत दुसऱ्यात जमेलच असे नाही. कंपन्या कचरतात त्या इथेच, आणि म्हणून सरकारचा प्रवेश होतो.

अमेरिकेत तो 1973 च्या तेलसंकटानंतर ठळक झाला. तिथल्या सरकारचे ओक्लाहोमातल्या बार्टल्सव्हिलचे पेट्रोलियम प्रयोगकेंद्र तसे 1918 पासूनचे, पण सत्तरच्या दशकात सरकारने थेट शेतावर, म्हणजे तेलक्षेत्रावर, कंपन्यांबरोबर खर्च वाटून घ्यायला सुरुवात केली. अर्धा पैसा त्यांचा, अर्धा सरकारचा असा साधारण प्रकार. बदल्यात प्रयोगाचे निष्कर्ष सगळ्यांसाठी खुले. 1980 मध्ये तेलकंपन्यांच्या अवचित नफ्यावर कर बसवला, तेव्हाही अशा वाढीव तेलाला कमी दर ठेवला. 1990 मध्ये प्रकल्पखर्चाच्या 15 टक्के करसवलत आली. 2008 पासून जमिनीत कार्बन डायऑक्साइड सोडून तेल काढणाऱ्याला त्या वायूच्या टनामागे 10 डॉलर सवलत मिळू लागली. टेक्सासमध्ये हा वायू मोठ्या प्रमाणावर सोडण्याचे काम 1972 पासूनच सुरू होते. धोरण त्याच्या मागून आले, हेही नोंदवायला हवे.

नॉर्वेने वेगळा मार्ग धरला. एकोफिस्क या समुद्रातल्या क्षेत्रातून सुरुवातीला जेमतेम 17 टक्के तेल निघेल असा अंदाज होता. 1987 मध्ये तिथे पाणी सोडायला लागले आणि आज तो अंदाज निम्म्याच्या पुढे गेला आहे. त्याच दशकात नॉर्वेच्या सरकारने उतारा वाढवण्यासाठी संशोधनाचा स्वतंत्र कार्यक्रम काढला होता.

आपल्याकडे आसामात दिगबोईला 1889 मध्ये तेल लागले, पण सरकार या धंद्यात खऱ्या अर्थाने उतरले ते केंद्रीय मंत्री केशवदेव मालवीय यांच्या काळात. 1956 मध्ये तेल आणि नैसर्गिक वायू आयोग, म्हणजे ओएनजीसी, झाला, 1960 मध्ये अंकलेश्वर सापडले, 1974 मध्ये मुंबई हाय, आणि 1976 च्या मे महिन्यात तिथून उत्पादन सुरू झाले. कंपनीच सरकारची असल्याने संशोधनाचा खर्चही वेगळा दिसत नसे. डेहराडूनची संस्था तेल शोधण्यासाठी, अहमदाबादची तेलसाठ्यांच्या अभ्यासासाठी, पनवेलची उत्पादनतंत्रासाठी. उताऱ्याचे बहुतेक गणित अहमदाबादला मांडले गेले.

आणि त्याचे फळही गुजरातेतच दिसले. मेहसाण्याजवळ बालोल आणि सांथाल इथले तेल इतके जड की शंभरातले दहा-पंधराच निघत होते. तिथे ओएनजीसीने जमिनीखाली आग लावली. ऐकायला विचित्र वाटते, पण तंत्र तेच आहे : कॉम्प्रेसरने हवा आत कोंबायची, खोलवर तेलाचा थोडा भाग जाळायचा, त्या उष्णतेने बाकीचे तेल पातळ होते आणि वायूंच्या रेट्याने विहिरीकडे सरकते. 1990 मध्ये बालोलला छोट्या प्रमाणात करून पाहिले, 1997 मध्ये मोठ्या प्रमाणावर सुरू केले. उतारा दुपटीच्या पुढे जाईल असे गणित होते. साणंदला ऐंशीच्या दशकात पॉलिमरचा प्रयोग झाला, विराज क्षेत्रात 2002 मध्ये अल्कली, साबणी रसायन आणि पॉलिमर एकत्र वापरून पाहिले. हे सगळे सरकारी कंपनीच्या खिशातून, म्हणजे शेवटी सरकारच्याच पैशातून झाले. त्याची जाहिरात फारशी झाली नाही. आजही तेलवाल्यांच्या बाहेर बालोलचे नाव कोणी घेत नाही.

आता त्या पैशाची दुसरी बाजू. 1974 मध्ये संसदेने तेल उद्योग विकास कायदा केला. देशात निघणाऱ्या कच्च्या तेलावर टनामागे 60 रुपये उपकर बसवला, आणि तो पैसा तेल उद्योगाच्या वाढीसाठी, संशोधनासकट, वापरायला तेल उद्योग विकास मंडळ नेमले. रचना उत्तम होती : तेलाने तेलाचा पुढचा खर्च उचलायचा. पण उपकर आधी केंद्राच्या एकत्रित निधीत जातो आणि तिथून मंडळाला द्यायचा की नाही हे सरकार ठरवते. मंडळाला सुरुवातीच्या वर्षांत मिळून सुमारे 902 कोटी रुपये मिळाले, 1992 नंतर काहीच नाही. गोळा झालेली रक्कम 2010 च्या दशकातच लाख कोटींच्या पुढे गेली होती. उपकराचा दर मात्र वाढतच गेला. 2012 मध्ये तो टनाला 4,500 रुपये झाला आणि 2016 पासून तेलाच्या किमतीच्या 20 टक्के. मंडळ जुन्या निधीच्या व्याजावर आणि दिलेल्या कर्जांच्या परताव्यावर चालत राहिले. उसावरचा अमुक फंड, तमुक फंड कापून घेतला की शेतकरी विचारतो, त्याचे पुढे काय झाले? हाच प्रश्न इथेही विचारता येतो, फक्त विचारणारे कमी.

खासगी कंपन्या आल्यावर सरकारच्या खर्चाचे रूप बदलले. राजस्थानात बाडमेरला मंगला क्षेत्र 2004 मध्ये सापडले आणि 2009 मध्ये सुरू झाले. तिथले तेल मेणचट. थंडीत घट्ट होऊ नये म्हणून ते गुजरातपर्यंत नेणारी पाइपलाइन वाटभर तापवावी लागते. 2014-15 च्या सुमारास तिथे पॉलिमर सोडायला सुरुवात झाली, आणि जगातल्या मोठ्या पॉलिमर प्रकल्पांत त्याची गणना होते. करार असा की कंपनी आधी आपला खर्च तेलातून वसूल करते, मग उरलेल्या नफ्यात सरकारचा वाटा. म्हणजे पॉलिमरच्या बिलातला एक भाग सरकारच उचलते, पण अर्थसंकल्पात त्याची कुठे ओळ नसते.

2018 मध्ये मात्र प्रथमच सरळ धोरण आले. सप्टेंबरमध्ये मंत्रिमंडळाने मान्यता दिली, ऑक्टोबरमध्ये अधिसूचना निघाली. जुन्या क्षेत्रांची तपासणी करून कुठली पद्धत लागू पडेल हे ठरवायचे, छोटा प्रयोग करायचा, आणि तो जमला तर ठरवलेल्या विहिरींतल्या वाढीव तेलावरचा उपकर 120 महिने निम्मा. वायूच्या वाढीव उत्पादनावर रॉयल्टीत 75 टक्के सूट. उतारा 5 टक्क्यांनी वाढला तर 20 वर्षांत 12 कोटी टन जास्तीचे तेल मिळेल असा सरकारचा अंदाज. देशाचे सध्याचे उत्पादन वर्षाला तीन कोटी टनांच्या आतच आहे, त्यापुढे हा आकडा मांडून पाहावा. पाच टक्के म्हणजे किरकोळ, असे वाटत असेल तर कोणत्याही कारखान्याच्या चेअरमनला पाव टक्का उताऱ्याविषयी विचारा.

पण लक्षात घ्या, ही सूट रोख मदत नाही. प्रयोग फसला तर खर्च कंपनीचाच. अमेरिकेने फसण्याचाही अर्धा भार घेतला होता. आपण फक्त यशावरचा कर कमी केला. त्यातही 1 जुलै 2022 रोजी, युक्रेनच्या युद्धाने किमती भडकल्या असताना, देशी कच्च्या तेलावर टनाला 23,250 रुपये असा विशेष कर लागला. तो पुढे वरखाली होत राहिला आणि डिसेंबर 2024 मध्ये रद्द झाला. दहा वर्षांचा हिशेब करून पैसा घालणाऱ्याला असा मधूनच आलेला कर कसा वाटत असेल, हे कांद्याच्या निर्यातबंदीने पोळलेल्या माणसाला समजावून सांगायला नको.

जानेवारी 2025 मध्ये ओएनजीसीने मुंबई हायसाठी बीपी या ब्रिटिश कंपनीला तांत्रिक सल्लागार म्हणून नेमले. 1985 च्या सुमारास इथून दिवसाला चार लाखांहून अधिक बॅरल तेल निघत असे, आता त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. पाणी सोडणे 1984 पासूनच सुरू आहे, 2000 नंतर पुनर्विकासाचे टप्पेही झाले. नव्या करारात पहिली दोन वर्षे ठरलेली फी, त्यानंतर फक्त वाढीव तेलाच्या उत्पन्नातला टक्का.

सगळी मेख त्या ‘वाढीव’ शब्दात आहे. वाढ मोजायची तर पायाभूत पातळी आधी ठरायला हवी. उसाच्या एफआरपीसाठी, म्हणजे सरकारने ठरवलेल्या किमान दरासाठी, ती 2009-10 मध्ये 9.5 टक्के उतारा होती, मग 10 झाली, 2022-23 पासून 10.25. दर वेळी पाया वर सरकला आणि जादा उताऱ्याचा प्रीमियम लागू व्हायची उंची वाढली, अशी तक्रार मंगळवेढ्यापासून अकलूजपर्यंत ऐकू येते. तेलात उलटे आहे. जुन्या क्षेत्राचे उत्पादन काहीच न करता दर वर्षी घसरतेच, त्यामुळे तिथला पाया खाली खाली जातो आणि आहे तेवढे उत्पादन टिकवले तरी ती कागदावर वाढ ठरते. उतरणीची ही रेघ किती तिरकी काढायची, यावर पुढच्या वर्षांत किती पैसा कोणाकडे जाईल हे ठरणार आहे.