रबरी होडकं आणि कोकणचं ऊन

मांडव्याच्या बाजूला, किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर माझ्या मित्राची शिडाची बोट नांगरलेली असते. किनारा ते बोट अशी ने-आण करायला त्याच्याकडे हवा भरून फुगवायची रबरी डिंगी आहे. बोटवाले तिला टेंडर म्हणतात. गेल्या मे महिन्यात तिच्या कडेवर हात टेकून चढायला गेलो, तर गूळ सांडलेल्या ओट्यावर हात पडावा तसा तळहात चिकटला. सोडवला तेव्हा हाताला राखाडी रंग लागला होता आणि डिंगीवर पाचही बोटांचे ठसे उमटले होते. डिंगी घेऊन तीन वर्षंही झाली नव्हती. विकणाऱ्याने "कापड एकदम जाड आहे, काळजी नको" असं सांगितलं होतं, आणि कापड खरंच जाड होतं. म्हणून आधी या जाडीचाच हिशेब करू.

अशा डिंगीची नळी साधारण 40 सेंटीमीटर व्यासाची असते आणि आतल्या हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा जेमतेम पाव बार जास्त असतो. मोटारीच्या टायरमध्ये तो दोन बारच्या आसपास असतो. गोल नळीच्या कापडावरचा ताण म्हणजे दाब गुणिले त्रिज्या. त्या हिशेबाने कापडाच्या पाच सेंटीमीटर रुंद पट्टीवर तांदळाची 25 किलोची गोण टांगल्याएवढा ताण येतो. सकाळी 25 अंशांना हवा भरून डिंगी उन्हात ठेवली आणि आतली हवा 55 अंशांपर्यंत तापली, तर हा जादा दाब 0.25 वरून 0.38 बारच्या घरात जातो, म्हणजे जवळजवळ दीडपट होतो. (म्हणूनच दुपारी थोडी हवा सोडायची आणि संध्याकाळी पुन्हा भरायची, ही सवय डिंगीवाल्यांना लावून घ्यावी लागते.) पण दीडपट झाला तरी ताण 38 किलोंचा. चांगल्या कापडाची तेवढीच पट्टी फाडायला 200 किलोंपेक्षा जास्त ओढ लागते. म्हणजे डिंगी हवेच्या दाबाने फाटून मरत नाही.

हा जोर पेलतं ते आतलं विणलेलं पॉलिएस्टर. त्याचा धागा डेसिटेक्समध्ये मोजतात. 1100 डेसिटेक्स म्हणजे असा 10 किलोमीटर धागा घेतला, तर त्याचं वजन 1100 ग्रॅम भरेल. गेटवेपासून घारापुरीपर्यंत एकच धागा ताणला, तर तो किलोभराच्या पिशवीत मावेल. हा आकडा जाहिरातीत मोठ्या अक्षरांत छापतात. तो महत्त्वाचा आहेच, पण आपल्याकडचा खरा प्रश्न कापडावरच्या लेपाचा आहे. हवा अडवतो तो लेप, आणि ऊन सोसतो तोही लेपच.

मित्राच्या डिंगीवर लेप होता पीव्हीसीचा. पीव्हीसी मुळात मऊ नसतं. आपल्या घरातले नळाचे पांढरे, कडक पाइप पीव्हीसीचेच. त्याच पदार्थाचं रेक्झिन करायचं असेल, तर त्यात तेलासारखा एक पदार्थ मिसळावा लागतो, त्याला प्लॅस्टिसायझर म्हणतात. याचे छोटे रेणू पीव्हीसीच्या लांबच लांब साखळ्यांमध्ये शिरतात आणि साखळ्या एकमेकींवरून सरकू लागतात. अमेरिकेत वॉल्डो सेमन यांनी 1926 मध्ये ही युक्ती शोधली आणि तिच्यावर अर्ध्या जगाचे रेनकोट उभे राहिले. अडचण एकच, हे रेणू साखळ्यांना बांधलेले नसतात. उष्णतेने ते हळूहळू पृष्ठभागावर येतात आणि लेप चिकट होतो. माळ्यावर घडी करून ठेवलेला रेनकोट जूनमध्ये उलगडताना चर्रकन आवाज येतो, तो याच चिकटपणामुळे. पुढे हे तेल उडून किंवा धुऊन गेलं की उरतो तो पुन्हा कडक पाइपाचा स्वभाव, आणि जुन्या रिक्षाच्या सीटसारख्या भेगा पडायला लागतात. बाहेरच्या इंजिनाचं पेट्रोल सांडत राहिलं, तर तेही हे तेल ओढून घेतं.

त्यात उन्हाची भर पडते. जमिनीपर्यंत पोचणाऱ्या अतिनील किरणांची ऊर्जा कार्बन-कार्बन किंवा कार्बन-क्लोरीन बंध तोडायला पुरेशी असते. पीव्हीसीमधून हायड्रोजन क्लोराइड सुटायला लागतं आणि लेप पिवळसर, मग तपकिरी होत जातो. मेच्या मध्यावर मुंबईत शून्य सावलीचा दिवस येतो, सूर्य बरोबर माथ्यावर असतो. पाण्यावर उघडी पडलेली डिंगी तेव्हा सावलीचा एक तुकडाही न मिळता दिवसभर भाजत असते.

दुसरा पर्याय बाजारात "हायपॅलॉन" या नावाने मिळतो. हा ड्यूपाँ कंपनीचा ट्रेडमार्क. कंपनीने 2010 मध्ये त्याचं उत्पादन बंद केलं, पण सगळ्या वनस्पती तुपाला डालडा म्हणावं तसं नाव राहून गेलं. पदार्थाचं खरं नाव क्लोरोसल्फोनेटेड पॉलिथीन, संक्षेपाने सीएसएम. जपानची तोसोह ही कंपनी तो आजही बनवते. याची रचना मला फार सुंदर वाटते. सुरुवात होते पॉलिथीनपासून, म्हणजे दुधाच्या पिशवीच्या प्लास्टिकपासून. त्या साखळीवर मधूनमधून क्लोरीन बसवला की साखळ्या शिस्तीत रांगा लावू शकत नाहीत आणि पदार्थ रबरासारखा लवचीक होतो. लवचीकपणा साखळीतच आला, त्यामुळे तो टिकवायला पीव्हीसीसारखा तेलाचा आधार लागत नाही. थोड्या जागी गंधकाचे गट बसवलेले असतात, त्यांच्यामुळे साखळ्या एकमेकींना कायमच्या जोडता येतात.

शिवाय नैसर्गिक रबराच्या कण्यात ठरावीक अंतरावर कार्बनचे दुहेरी बंध असतात आणि हवेतला ओझोन नेमका त्यांवर घाव घालतो. जुन्या रबरबँडला ताणल्यावर दिसणाऱ्या बारीक चिरा आठवा. सीएसएमच्या कण्यात असे दुहेरी बंधच नाहीत, ओझोनला धरायला जागा नाही. ऊन त्यालाही खातं, पण लेपातलं रंगद्रव्य किरणांना वरच्या वर अडवतं. वरचा पातळ थर खडूसारखा होतो, बोट फिरवलं की पूड लागते. ती घासून काढली की खाली शाबूत लेप असतो.

घेताना विचारायचं ते हे: बाहेरच्या थरात सीएसएम किती आणि निओप्रीन (हेही एक कृत्रिम रबर) किती? आतल्या बाजूला निओप्रीन असणं चांगलंच, ते हवा नीट धरतं आणि गोंदालाही नीट चिकटतं. बाहेर मात्र सीएसएम हवं. नुसत्या "हायपॅलॉन" शब्दावर पैसे मोजू नका.

पीव्हीसीची बाजूही मांडली पाहिजे. त्याच्या शिवणी गरम हवेने वितळवून जोडता येतात, आणि नीट केलेला असा जोड फार मजबूत असतो. सीएसएम वितळत नाही. त्याची प्रत्येक शिवण हाताने, गोंदाने चिकटवावी लागते. महाग पडण्याचं हे एक मोठं कारण. वजन आणि किंमत दोन्हींत पीव्हीसी सोयीचं. महिन्यातून दोनदा पाण्यात उतरवून, धुऊन, वाळवून घरी नेणार असाल, तर चांगल्या प्रतीची पीव्हीसी डिंगी घ्या, मला त्यात काही गैर वाटत नाही. वर्षातले आठ महिने ती उन्हात राहणार असेल, तर सीएसएमच घ्यावं.

खडकावर घासण्याला तोंड द्यायचं, तर पॉलियुरेथेन हा तिसरा लेप या दोघांपेक्षा सरस. पण त्याचे काही प्रकार उष्ण, दमट हवेत पाण्याच्या रेणूंनी तुटत जातात, म्हणून आपल्या किनाऱ्यावर पॉलिईथर जातीचं आहे ना, हे पाहून घ्यावं. धक्क्याच्या खांबांवरच्या कालवांची धार मात्र तिन्ही लेपांना सारखीच कापते. तिथे गळपट्टीसारखी जाड रबरी पट्टी आणि खांबापासून हातभर अंतर, एवढाच उपाय.

ठिगळाचा धडा आम्हाला जुलैत मिळाला. मित्राने भर पावसात छपराखाली बसून ठिगळ लावलं, दोन दिवसांत ते सोलून निघालं. गोंदातला द्रावक उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि दमट हवेतलं पाणी त्यावर दव होऊन बसतं. आपल्या डोळ्यांना ते दिसत नाही, पण ठिगळ आणि लेप यांच्यामध्ये पाण्याचा पडदा तयार झालेला असतो. गोंदात मिसळायचा हार्डनरही पाण्याशीच आधी जुळतो. त्यातून पीव्हीसीतून पाझरलेलं तेल गोंदाला मऊ करतं ते वेगळंच.

या जानेवारीत, सकाळचं दव ओसरल्यावर अकराच्या कोरड्या हवेत आम्ही नव्या, सीएसएमच्या डिंगीला कालवाने पडलेली चीर दुरुस्त केली. लेप हलकेच घासला, द्रावकाने पुसला, गोंदाचे तीन पातळ हात दिले, प्रत्येक हात बोटाला चिकटेनासा होईपर्यंत थांबलो, मग ठिगळ बसवून चमच्याच्या पाठीने मधून कडेकडे दाबत नेलं. दुसऱ्या दिवशी हवा भरून त्यावर साबणाचं पाणी ओतलं. एकही बुडबुडा आला नाही. आता डिंगीवर अलिबागच्या शिंप्याने शिवलेलं जाड सुती कापडाचं आवरण असतं, आणि हात टेकला की सुका राहतो.