संध्याकाळी नेट का अडकतं, आणि आम्ही त्यावर काय करतो
(शहापूर, वडगाव, अनगोळ, येळ्ळूर भागातल्या आमच्या ग्राहकांसाठी)

नमस्कार,

रात्री आठनंतर आमचा फोन सारखा वाजतो. 'मुलीचा क्लास अडकतोय', 'पुण्याच्या मुलाशी बोलताना चित्र थांबतं'. बहुतेक वेळा लाइन तुटलेली नसते, मोठ्या फाइलींनी भरलेली असते.

गल्लीत नळाला पाणी आल्यावर एका घरानं मोटर लावली की शेजारची धार बारीक होते. टोरेंटचं तसंच आहे. २००१ साली ब्रॅम कोहेन यांनी काढलेली ही पद्धत फाइलीचे तुकडे एकाच वेळी अनेकांकडून आणते आणि आपल्याकडचे तुकडे इतरांना पाठवत राहते. त्यासाठी एका घरातून शंभरेक जोडण्या सहज उघडतात. भरलेल्या लाइनवर वाटणी साधारण जोडणीमागे होते. म्हणजे त्या घराला शंभर वाटे, आणि व्हिडिओ कॉल करणाऱ्या शेजाऱ्याला एक!

हे आम्हाला मान्य नाही. म्हणून आम्ही वाटणी घरामागे करतो. लाइन मोकळी असेल तर प्लॅनचा पूर्ण वेग घ्या. गर्दी झाली की प्रत्येक घराची रांग वेगळी.

'टोरेंट बंदच करा' असंही काही जण सांगतात. ते आम्ही करणार नाही. लिनक्ससारखी मोफत सॉफ्टवेअर याच मार्गानं रीतसर मिळतात. शिवाय तुम्ही काय उघडता ते पाहून वेग कापणं नेट न्यूट्रॅलिटीच्या, म्हणजे नेटवरच्या सगळ्या मजकुराला सारखीच वागणूक द्यायच्या, तत्त्वात बसत नाही, आणि ती तत्त्वं केंद्राच्या दूरसंचार विभागानं २०१८ मध्ये स्वीकारली आहेत. चोरून काढलेले सिनेमे मात्र कायद्यानं गुन्हाच आहेत.

आता तुमच्या घरातली गोष्ट, कारण निम्म्या तक्रारींचं मूळ आम्हाला तिथेच सापडतं. खरी मेख अपलोडमध्ये असते. डाउनलोड करतानाही प्रत्येक थोड्या मजकुरामागे 'मिळालं' अशी पोच परत पाठवावी लागते. अपलोड तुडुंब भरलं की या पोचा राउटरच्या रांगेत खोळंबतात आणि डाउनलोडही रखडतं. त्यामुळे टोरेंटच्या सेटिंगमध्ये अपलोडची मर्यादा तुमच्या अपलोड वेगाच्या ७० ते ८० टक्क्यांवर ठेवा आणि जोडण्यांची संख्या कमी करा. राउटरमध्ये 'एसक्यूएम' (रांग तुंबू न देणारी सोय) असेल तर चालू करा. जमलं नाही तर आमचा माणूस येऊन करून देईल, त्याचे पैसे नाहीत.

फोटो स्टुडिओवाल्यांना खास विनंती. लग्नसराईत ४० जीबीचं शूटिंग कोल्हापूरच्या एडिटरला पाठवायचं, तर २० एमबीपीएस अपलोडवर जवळजवळ साडेचार तास लागतात. संध्याकाळी सातला सुरू केलं तर तुमच्याच घरच्यांची आख्खी संध्याकाळ त्यात जाते. रात्री अकराला लावा, पहाटेपर्यंत पोहोचलेलं असेल.

५० एमबीपीएसच्या प्लॅनवर डाउनलोडचा आकडा सहाच्या आसपास दिसला तर घाबरू नका. प्लॅनचा वेग सेकंदाला मेगाबिटमध्ये (एमबीपीएस) सांगतात, तो आकडा मात्र मेगाबाइटमध्ये असतो, आणि ८ बिटांचा एक बाइट होतो.

तरीही नेट अडकलं तर वायफाय सोडून लॅपटॉप केबलनं राउटरला जोडा, वेग मोजा, वेळ लिहून ठेवा, आणि तो कागद बिल घ्यायला येणाऱ्या मुलाकडे द्या.