'फोटो काढू नये' ते 'फोटो पाठवा'

मुंबईतल्या एका इंग्रज छायाचित्रकाराचे निरनिराळ्या समाजांच्या फोटोंचे दोन खंड 1863 आणि 1866 साली लंडनमध्ये निघाले. दुसरा खंड महाराष्ट्राचा. माणसं स्टुडिओत उभी करून टिपलेली, मागचा देखावा दुसऱ्याच फोटोतून आणून जोडलेला. फोटोखाली लिहिलेली जात, नाहीतर धंदा. बहुतेकांचं नाव नाही. राणीच्या बागेतलं संग्रहालय 1872 साली उघडलं, तिथंही पुढे निरनिराळ्या समाजांचे मातीचे पुतळे आणि पगड्या मांडल्या गेल्या. बघणारा एक आणि दाखवला जाणारा दुसरा, अशी ही सुरुवात.

नंतरचा मोठा काळ संग्रहालयांतल्या 'फोटो काढू नये' या पाटीचा. फ्लॅशनं रंग उडतात, हे नेहमीचं कारण. जुनं कापड, कागद, लघुचित्रं यांना उजेड सोसत नाही हे खरंच आहे; पण क्षणभराच्या फ्लॅशपेक्षा दिवसभर पडणारा उजेड त्यांचं जास्त नुकसान करतो. शिवाय पोस्टकार्डांची विक्री, प्रतिमांचे हक्क, चोरीची भीती. कॅमेऱ्याचं वेगळं तिकीट फाडलं की काही ठिकाणी हीच भीती कमी व्हायची, यावरून बंदीमागं नेमकं काय होतं ते कळतं.

ही बंदी उठवण्याच्या जुलै 2018 मधल्या निर्णयावर अजून वाद होतो. दिल्लीतल्या एका उद्घाटनाच्या भाषणात फोटोबंदीवर प्रश्न उपस्थित झाला आणि केंद्रीय संरक्षित स्मारकांच्या आवारातली बंदी लगोलग उठली. अपवाद तीनच: अजिंठ्याची लेणी, लेहचा राजवाडा आणि ताजमहालातली आतली कबर. अजिंठ्याचा अपवाद रास्तच. तिथल्या चित्रांच्या 1844 पासून काढलेल्या बहुतेक नकला 1866 साली लंडनच्या आगीत गेल्या, दुसऱ्या खेपेच्या कित्येक 1885 च्या आगीत. राहिली आहेत ती भिंतीवरची मूळ चित्रं, आणि तीही नाजूक. पण हा आदेश स्मारकांपुरता होता. राज्याची, विश्वस्तांची, विद्यापीठांची संग्रहालयं त्यात नव्हती. त्यामुळे एकाच शहरात एका दारावर मोबाइल चालतो, दुसऱ्या दारावर पहारेकरी हात आडवा धरतो. बंदी उठवली ते चांगलंच झालं. मात्र लोक फोटो काढतील, त्या फोटोंचं पुढं काय, हा प्रश्न त्या आदेशानं विचारलाच नाही.

तो प्रश्न टाळेबंदीत पुढं आला. 2020 च्या मार्चनंतर दारं बंद झाली आणि परदेशातल्या मोठ्या संग्रहालयांनी लोकांना सांगितलं, घरातल्या वस्तू घेऊन आमच्या चित्रासारखे उभे राहा आणि फोटो पाठवा. चादरीचा झगा, डोक्यावर टॉवेल. आपल्याकडे याहून मोलाचं काम त्याआधीच सुरू झालं होतं. 2010 मध्ये मुंबईतून एक ऑनलाइन संग्रह उभा राहिला. तो लोकांच्या घरचे जुने फोटो मागतो, आणि सोबत त्यांची गोष्टही.

इथं 'ओळख' या शब्दाचा गुंता होतो. प्रकल्पांच्या अर्जांत हा शब्द 'अस्मिता' म्हणून येतो: समाजाची ओळख, भाषेची ओळख. घरात मात्र ओळख म्हणजे ओळखणं. आमच्या ट्रंकेतल्या अल्बमात काळ्या कोपऱ्यांत अडकवलेला एक फोटो आहे, मध्ये बटरपेपर. नऊवारीतल्या पाच बायका. मागं पेन्सिलीनं एवढंच: 'बडोदे, लग्न'. आजीनं नथीवरून एकीला ओळखलं: "ही दुर्गाआत्या, ही नथ तिची." बाकी चौघी अजून तशाच. अर्जातली ओळख जपायला निधी मिळतो. त्या चौघींची ओळख पटवायला आजीच लागते, आणि तिच्याकडे फार वर्षं नसतात. संस्थांनी आधी इकडे वळावं, असं मला मनापासून वाटतं.

सेवाभावी संस्थांकडे हाच प्रश्न उलट्या बाजूनं आला. वर्षानुवर्षं देणगीच्या पत्रकावर उपाशी मुलाचा चेहरा असे, नाव नसे. युरोपातल्या विकाससंस्थांच्या महासंघानं 2006 मध्ये छायाचित्रांसाठी आचारसंहिता स्वीकारली: ज्याचा फोटो, त्याची समजून-उमजून परवानगी घ्यावी, आणि नावानिशी यायचं की नाही हे त्यालाच ठरवू द्यावं. 2022 मध्ये संग्रहालयांच्या जागतिक संघटनेनं 'संग्रहालय' शब्दाची नवी व्याख्या मंजूर केली, त्यात लोकसमुदायांचा सहभाग आला. 1866 च्या खंडातली माणसं आता पडद्यावर मोठी करून पाहता येतात. त्यांच्या खाली अजून जातच लिहिलेली आहे.