उपाशीपोटी दुखणारं पित्त आणि आडवं झाल्यावर जळणारं पित्त

कोल्हापुरात गंगावेशीजवळ माझं औषधांचं दुकान आहे. रात्री शटर अर्धं खाली ओढलं की हमखास कुणीतरी वाकून आत बघतं. “पित्ताची एक गोळी द्या की ओ.” गोळी देण्याआधी मी एकच विचारतो: पोट रिकामं असताना दुखतंय, की जेवून आडवं झाल्यावर जळतंय? बहुतेकांना प्रश्नच चमत्कारिक वाटतो. पित्त ते पित्तच! पण झोपमोड करणारी ही दोन दुखणी वेगळी आहेत, आणि एकाचा उतारा दुसऱ्याला लागू पडेलच असं नाही.

पहिलं दुखणं व्रणाचं, म्हणजे अल्सरचं. छातीचा पिंजरा संपतो त्याच्या खाली, बेंबीच्या वर कुरतडल्यासारखं होतं. लहान आतड्याच्या सुरुवातीला व्रण असेल तर रात्री दोन-तीनला जाग येते आणि दोन बिस्किटं खाल्ली की तात्पुरतं थांबतं. याचं खापर आपण मिरचीवर फोडतो. खरी कारणं मुख्यतः दोन. एक हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू. त्याच्या शोधाबद्दल बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना 2005 चं नोबेल मिळालं. दुसरं कारण आमच्या काउंटरवरूनच जातं: गुडघेदुखीच्या गोळ्या, महिनोन्महिने, कुणाला न विचारता. इथं उशी-गादी बदलून काही होत नाही. तपासणी करायची, जंतू निघाला तर अँटिबायोटिकचा कोर्स पुरा करायचा.

दुसरं दुखणं रिफ्लक्सचं. यात आम्ल जास्त तयार होतंच असं नाही. ते नको तिथं पोचतं. अन्ननलिका जठराला मिळते तिथं स्नायूंची एक झडप असते. ती सैल पडली किंवा पोटावर दाब आला की आम्ल वर येतं. उरोस्थीच्या, म्हणजे छातीच्या मधल्या हाडाच्या मागं जळजळ, घशाशी आंबट पाणी, सकाळी बसलेला आवाज, कोरडा खोकला. दिवसा आपण उभे असतो, सारखी लाळ गिळतो, त्यामुळं वर आलेलं आम्ल धुऊन खाली जातं. झोपेत लाळ कमी, गिळणं त्याहून कमी. म्हणून रात्रीचं आम्ल अन्ननलिकेत रेंगाळतं आणि जास्त भाजतं.

आता आमच्या गावची गंमत. दूध कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध प्यायचं, फेसाची मिशी पुसायची, घरी जाऊन झोपायचं. घोट उतरताना बरं वाटतं यात वाद नाही. पण म्हशीच्या दुधात सहा-सात टक्के स्निग्धांश असतो, आणि स्निग्ध पदार्थ जठरात जास्त वेळ थांबतात. भरलेलं जठर घेऊन आडवं झालं की झडपेवर भार आलाच. रश्शाचंही तसंच. दोष सगळा तांबड्याला, आणि नारळाच्या दुधातला पांढरा मात्र सुटतो! तिखटानं आधीच सोललेल्या अन्ननलिकेला झोंबतं हे खरं, पण रेंगाळण्यात पांढराही मागं नाही. माझं मत विचाराल तर रस्सा सोडू नका, घड्याळ बदला. मटण दुपारी खा. रात्रीचं जेवण आणि झोप यांत तीन तास ठेवा. सुटलेलं पोट आणि तंबाखू मात्र झडपेचे उघड वैरी आहेत, तिथं तडजोड नाही.

गोळ्यांतही असाच घोळ होतो. पातळ औषध आहे ते आम्ल मारतं. लगेच आराम, पण थोडाच वेळ. पॅन्टोप्रॅझोलसारखी गोळी आम्ल तयार होणंच कमी करते, आणि ती जेवणाआधी अर्धा-पाऊण तास घ्यायची असते. जळायला लागल्यावर रात्री बाराला घेतली तर त्या रात्री तिचा फारसा उपयोग नाही. शिवाय ती झडप दुरुस्त करत नाही.

एक इशारा मात्र मी शटर पूर्ण वर करून देतो. छातीवर दाब, घाम, धाप, कळ हाताकडं किंवा जबड्याकडं जातेय? मग पित्त समजून माझ्याकडं येऊ नका, थेट दवाखाना गाठा. गिळताना अडकणं, काळी शी, रक्ताची उलटी, आपोआप उतरणारं वजन यांनाही गोळी देऊन घरी पाठवत नाही.

उरला पलंग. लोक तीन उशा रचतात. त्यानं मान वाकते, कंबरेत घडी पडते, पोट दाबलं जातं, आणि आम्ल उलट वर येतं. उचलायचा असतो तो पलंग: डोक्याकडच्या दोन्ही पायांखाली दोन-दोन विटा, साधारण सहा ते आठ इंच. बॉक्सचा पलंग असेल तर छातीपासून वर उतार देणारी फोमची पाचर घ्या. आणि डाव्या कुशीवर झोपा. जठराची पिशवी डावीकडं झुकलेली असते. त्या कुशीवर झडप आम्लाच्या वर राहते, उजव्या कुशीवर ती आम्लात बुडते.

एक दादा आठवड्यानं आले. जळजळ निम्म्यावर आली होती, पण तक्रार होती: “रात्रभर घसरत पायथ्याला जातोय ओ.” म्हटलं, गुळगुळीत चादर काढा, जाड सुती घाला, आणि गुडघ्यांखाली बारकी उशी घ्या. जाताना त्यांनी विचारलंच, “मग पित्ताची गोळी?”