मागच्या चाकातली आतली नळी आणि बाहेरची कॉलर

बिडाच्या सिलिंडरची जुनी बुलेट नव्याने उभी करताना मागच्या चाकाचे सामान बहुधा एकाच डब्यात पडलेले असते आणि त्यात एक्सलवर (चाकाच्या आसावर) चढणारे नळीसारखे दोन-तीन तुकडे हमखास निघतात. पुण्याच्या नाना पेठेत यांपैकी कोणताही तुकडा ‘स्पेसर’ म्हणूनच मागितला जातो. प्रत्यक्षात हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या पोकळ भागाच्या, आत दोन बेअरिंगांमध्ये बसणारी नळी आणि हबच्या बाहेर, बेअरिंग व चिमटा (मागचे चाक दोन्ही बाजूंनी धरणारी चौकट) यांच्यामध्ये येणारी कॉलर यांची कामे अगदी निराळी आहेत.

एक्सलचा नट आवळला की तो दाब चिमट्याकडून कॉलरमध्ये, कॉलरमधून बेअरिंगच्या आतल्या रिंगेत आणि तिथून नळीमार्फत पलीकडच्या बेअरिंगच्या आतल्या रिंगेत जातो. नळी आखूड असेल किंवा बसवायचीच राहिली असेल, तर दोन्ही आतल्या रिंगा एकमेकींकडे ओढल्या जातात, आतल्या आणि बाहेरच्या रिंगांमधल्या गोळ्यांवर आडवा दाब येतो आणि नवी कोरी बेअरिंगेही थोड्याच दिवसांत आवाज करू लागतात. म्हणून नळीची लांबी हबमध्ये बेअरिंगे टेकतात त्या दोन खाचांच्या अंतराइतकी किंवा केसभर जास्तच हवी. तिची दोन्ही तोंडे समांतर असली पाहिजेत. हॅकसॉने कापून कानशीने घासलेली नळी इथे चालत नाही, ती लेथवरच करून घ्यावी. दुसरे बेअरिंग ठोकण्यापूर्वी ती आत घालावी लागते, आणि ठोकताना मार फक्त बाहेरच्या रिंगेवर पडला पाहिजे. दोन्ही बेअरिंगे बसल्यावर नळी बोटाने जराशी सरकावी, पण खुळखुळू नये.

कॉलरचे काम चाक चिमट्यात डावी-उजवीकडे नेमके कुठे बसेल हे ठरवण्याचे. बुलेटला चेन, स्प्रॉकेट (चेन बसते ते दातेरी चक्र) आणि ब्रेकचा ड्रम हे सगळे डाव्या अंगाला असल्यामुळे दोन्ही बाजूंच्या कॉलरी सारख्या नसतात. त्या अदलाबदल झाल्या की स्प्रॉकेट चेनच्या रेषेतून हटते आणि चेनच्या पट्ट्या एकाच बाजूने घासून चकाकू लागतात. अशा वेळी पुष्कळ जण चेन ताणण्याचे गोगलगायीच्या आकाराचे कॅम फिरवत बसतात, जे व्यर्थ आहे, कारण ते चाक पुढे-मागे नेतात, आडवे सरकवत नाहीत. रिमचा मध्य आऱ्यांनी थोडा हलवता येतो, स्प्रॉकेटची रेषा मात्र आऱ्यांना दाद देत नाही. कॉलरचा व्यासही पाहावा: तिचे तोंड आतल्या रिंगेलाच टेकले पाहिजे, बाहेरच्या रिंगेला किंवा धूळझाकणीला नव्हे.

सुट्या तुकड्यांची ओळख अंगावरच्या खुणांवरून पटते. सील (ग्रीस आत ठेवणारी कडी) घासत असलेल्या कॉलरवर गुळगुळीत, चकचकीत पट्टा उमटलेला असतो आणि उघड्यावर राहिलेल्या भागावर गंज असतो. नळीवर असा पट्टा नसतो. तिच्यावर जुन्या ग्रीसचा काळा थर साचलेला असतो.

जुळणी झाल्यावर ब्रेकची सळई आणि चेन काढून ठेवून चाक फिरवावे आणि मग नट आवळून पुन्हा फिरवावे. नट सैल असताना मोकळे फिरणारे चाक आवळल्यावर जड झाले, तर आधी आतल्या नळीची लांबी व्हर्निअरने मोजावी आणि ती बरोबर निघाली तरच कॉलरीकडे वळावे. नट आवळताना चिमट्याचे पाय आत ओढले जात असतील, तर मात्र कॉलरच आखूड आहे किंवा एखादी कॉलर बसवायची राहून गेली आहे.